गाडीची चाबी हरवली, आता किती लागन? गावखेड्यातल्या गाडीवाल्यांसाठी पहिल्यापासून सगळं

चाबी हरवली की माणूस आधी सगळे खिसे चाचपतो, मग घरच्यांवर चिडतो आणि मग कोणाला तरी फोन लावून विचारतो, किती लागन भाऊ? याचं उत्तर दीडशे रुपये पण असू शकते आणि वीस हजार पण, आणि दोन्ही सांगणारे खरंच बोलत असतात. चाबी कोणत्या प्रकारची, दुसरी चाबी घरी आहे की नाही, काम कोण करणार आणि गाडी उभी कुठे आहे, यावर सगळा हिशोब. नागपूर-अमरावतीवाल्याला शेवटच्या गोष्टीचं काही वाटत नाही, चाबीवाला बाईकवर मशीन घेऊन दारात येतो. आपल्याकडे गाडी वावराच्या धुऱ्यावर उभी, जिल्ह्याचं गाव साठ-सत्तर किलोमीटर, आणि चिपवाली चाबी बनवणारा तिथेच. त्यामुळे आपला खर्च चाबीपेक्षा वाहतुकीत जास्त जातो आणि तो कमी करायचा असेल तर घाई न करता एकेक पायरी घ्यावी लागते.

पहिले शोधा, पण डोकं लावून

सोयाबीन काढायच्या किंवा तुरीच्या दिवसात चाबी बहुतेक कुटारात नाहीतर ताडपत्रीच्या घडीत जाते. थ्रेशरपाशी वाकून वाकून काम केलं की शर्टाच्या वरच्या खिशातलं काहीच राहत नाही. ताडपत्री झटकायच्या आधी हातानं चाचपा, आणि कुटार भरून नेलं असेल तर ज्यानं नेलं त्याला आजच सांगून ठेवा, ढोरांपुढे टाकताना नजर ठेवेल. लोहचुंबक बांधून फिरवायचा सल्ला सगळेच देतात पण त्याचा भरवसा धरू नका, बऱ्याच गाड्यांच्या चाबीचं पातं पितळेवर निकेल चढवलेलं असते, ते चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर रिंगमधली लोखंडी कडी चिकटेल, म्हणजे कडी असेल तर फायदा.

बटन स्टार्टवाली गाडी असेल तर एक मस्त युक्ती आहे. स्मार्ट चाबी दाराच्या हँडलपासून जेमतेम हातभर-दोन हात अंतरावर असली तरच दार उघडते. मग घरातल्या सगळ्या पिशव्या, जॅकेट, बाईची पर्स, पोट्ट्याचं दप्तर एकेक करून गाडीच्या दारापाशी न्या आणि हँडलवरचं छोटं बटन दाबा. ज्या पिशवीजवळ दार उघडलं त्यात चाबी. चाबीतला सेल उतरलेला असेल तर मात्र हे चालणार नाही.

चाबी आत राहून दार लॉक झालं असेल तर ते वेगळं प्रकरण, त्याला हरवली म्हणत नाहीत. साधा चाबीवाला हवेची पिशवी आणि तार घालून दार उघडून देतो, काही शे रुपयांत काम होते, काच फोडू नका, काच आणि ती बसवणं दोन्ही मिळून त्याच्या कितीतरी पट जाते. याला अपवाद एकच, आत लेकरू अडकलं असेल तर. अकोला-चंद्रपूरच्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात बंद गाडीत काही मिनिटं पण भारी पडतात, तेव्हा ११२ ला फोन लावा आणि कोणाची वाट न पाहता लेकरापासून लांबची काच फोडा.

चाबी कोणत्या जातीची आहे ते पहा

पहिली साधी चाबी, म्हणजे डोक्यात काहीच नाही, जुनी मारुती ८००, ओम्नी, जुन्या जीपा, छोटे मालवाहू टेम्पो. तालुक्याच्या आठवडी बाजारात बसणारा चाबीवाला पण ही करून देतो, दुसरी चाबी समोर असेल तर शंभर-दोनशेत आणि नसेल तर लॉक पाहून कानस मारून मारून जमवतो, त्याचे तीनशे-पाचशे. इथे जास्त विचार करायची गरजच नाही.

दुसरी चिपवाली. बाहेरून साधीच दिसते, काळं प्लास्टिकचं डोकं, त्यावर बटन नाही, पण त्या डोक्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी नाहीतर काळा चौकोनी तुकडा बसवलेला असतो. ही चिप सेलवर चालत नाही. चाबी लॉकमध्ये घालून फिरवली की लॉकभोवतीची तारेची रिंग तिला जागं करते, चिप आपला नंबर सांगते, गाडीच्या मेंदूला, म्हणजे आतल्या कॉम्प्युटरला, नंबर ओळखीचा वाटला तर इंजिन चालू राहते. याला म्हणतात इमोबिलायझर, मारुतीवाले त्यालाच आयकॅट्स म्हणतात. म्हणून नुसतं पातं कापून आणलं तर दार उघडते, स्टार्टर पण फिरेल कदाचित, पण इंजिन चालू होत नाही नाहीतर एक-दोन सेकंदात बंद पडते आणि मीटरवर चाबीचं चिन्ह लुकलुकत राहते. गावातला मेकॅनिक मग फ्युएल पंप, सेन्सर, बॅटरी सगळं चेक करत बसतो. चाबी पडून कव्हर फुटलं आणि ती बारीक चिप मातीत गेली तरी हेच होते, त्यामुळे कव्हर फुटलं की आधी खालची माती हातानं चाळा, झाडू मारू नका. चिपवाल्या चाबीचे जिल्ह्याच्या ठिकाणचा चाबीवाला अंदाजे हजार ते अडीच हजार घेतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला त्याच्या दुपटीच्या घरात समजा.

तिसरी रिमोटवाली, बटन दाबलं की पातं बाहेर येते ती. यात चिप वेगळी आणि रिमोट वेगळा असं दोन माणसांचं काम एका डब्यात आहे. सेल संपला तर रिमोट बंद पडतो पण गाडी चालू होते, कारण चिपला सेल लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोकं शंभर रुपयाच्या सेलसाठी नवीन चाबी करून येतात, सेल बहुतेक २०३२ नाहीतर २०२५ किंवा १६२० नंबरचा असतो, जुन्यावर छापलेलाच नंबर आणा. हरवलीच असेल तर बाहेर अडीच ते साडेचार हजार आणि कंपनीत चार ते दहा हजार, गाडीप्रमाणे.

चौथी बटन स्टार्टची स्मार्ट चाबी. बाहेर पाच हजारांच्या पुढे, कंपनीत आठपासून वीस हजारापर्यंत, आणि महागड्या परदेशी गाड्यांचा तर विषयच सोडा. या चाबीच्या पोटात एक बारीक लोखंडी पातं लपवलेलं असते, सेल उतरला की ते ओढून दार उघडा, आणि चाबीच स्टार्टच्या बटनाला टेकवून बटन दाबा, बहुतेक गाड्या चालू होतात. काहींमध्ये टेकवायची जागा कप होल्डरपाशी असते, पुस्तिकेत दिलेलं असते.

हे सगळे आकडे अंदाज बांधायला, मॉडेल आणि साल पाहून वर-खाली होतातच.

दुसरी चाबी घरी आहे का, इथेच अर्धा निकाल लागतो

दुसरी चालती चाबी हातात असेल तर वर सांगितलेले भाव लागू होतात, आणि गाडी स्वतः चालवत नेता येते. तुम्ही टोचनचे पैसे वाचवले, घाई वाचवली, दोन-तीन जागी भाव करायला वेळ मिळाला. दोन्ही गेल्या असतील तर काम एकदम बदलते. पातं कापायला नमुना नाही म्हणून दाराचा लॉक काढून त्यावरून कापावं लागते, गाडीच्या मेंदूत नवीन चिप शिकवायला काही गाड्यांना सिक्युरिटी पिन लागतो जो कंपनीकडून चेसिस नंबरवर काढतात, आणि काही मॉडेलला शोरूमवाला सरळ सांगतो की पूर्ण लॉकसेट बदला, म्हणजे इग्निशन, दारं, डिक्की सगळं. चाबीचं बिल तीन हजारावरून पंधरा हजारावर जाते ते इथेच. कंपनीतून सामान मागवायला आठवडा-पंधरा दिवस पण लागतात, तोवर गाडी उभी.

लॉकसेट बदला म्हटलं की लगेच हो म्हणू नका. चाबी रस्त्यात कुठे पडली, कोणाला तुमची गाडी माहीत नाही, तर जुन्या चाबीचा नंबर गाडीच्या मेंदूतून पुसून टाकला की पुरते, त्या चाबीनं मग दार उघडेल पण गाडी चालू होणार नाही. चाबी चोरीला गेली असेल आणि चोराला घर-गाडी माहीत असेल, किंवा चाबीला गाडी नंबरचा किचेन होता, तर मात्र लॉकसेटचा खर्च करण्यात अर्थ आहे.

फोनवर भाव कसा करायचा

तीन जागी विचारा, कंपनीचं सर्व्हिस सेंटर, जिल्ह्याचा चाबीवाला, आणि तालुक्यातला एखादा गाडीचा वायरमन ज्याच्याकडे स्कॅनर, म्हणजे गाडीच्या मेंदूला जोडायचं मशीन, आहे. जिल्हा म्हणजे आपलाच पाहिजे असं काही नाही. सिरोंच्यावाल्याला गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, त्यापेक्षा प्राणहिता ओलांडून तेलंगणातलं मंचेरियल जवळ, आणि धारणीवाल्याला अमरावतीला घाट उतरून जाण्यापेक्षा मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर सोपं पडते.

फोन करताना गाडीचं मॉडेल, साल, पेट्रोल-डिझेल, बटन स्टार्ट की चाबी, आणि आरसीवरचा सतरा अक्षरी चेसिस नंबर समोर ठेवा. नुसतं "स्विफ्टची चाबी कितीला" विचारलं की नुसता आकडा मिळतो आणि तिथे गेल्यावर तो वाढतो. विचारायचं असं, की सांगितलेल्या भावात पातं कापणं, चिप, कोडिंग (म्हणजे गाडीला नवीन चिप शिकवणं) आणि रिमोट सगळं धरलं का, जीएसटी आत की बाहेर, हरवलेली चाबी पुसून देणार का, पक्कं बिल देणार का, आणि नाही जमलं तर येण्याजाण्याचे पैसे घेणार का. शेवटचा प्रश्न लाजेनं कोणी विचारत नाही आणि भांडण नेमकं त्यावरूनच होते.

एक फरक ऐकून ठेवा. चाबीवाला म्हणाला की गाडी आणायची गरज नाही, नुसती चाबी आणा, कॉपी मारून देतो, तर तो तुमच्या जुन्या चिपचा क्लोन, म्हणजे त्याच नंबरची हुबेहूब नक्कल, करणार आहे. स्वस्त आहे, काम पण करते, पण गाडीला ती वेगळी चाबी म्हणून माहीतच नसते. उद्या जुनी चाबी हरवली आणि तिचा नंबर पुसायला गेलात तर क्लोन पण सोबतच मरतो. स्पेअर म्हणून कपाटात ठेवायला क्लोन चालेल, पण एक चाबी बाहेर कोणाच्या हातात असल्याची भीती असेल तर गाडी नेऊन वेगळी कोडिंग करून घ्या.

कागदपत्रं, आणि आपल्याकडची नेहमीची अडचण

आरसी, मालकाचं ओळखपत्र, इन्शुरन्स. चांगला चाबीवाला पण हे मागतो आणि न मागणाऱ्यापासून जरा लांबच राहिलेलं बरं, जो तुमच्याकडे कागद मागत नाही तो कोणाकडेच मागत नसेल. आरसी गाडीच्या डॅशबोर्डमध्ये आणि गाडी लॉक, असं नेहमी होते, तर मोबाईलमध्ये डिजिलॉकर किंवा एमपरिवहन उघडा, तिथली आरसी चालते.

खरी गोची पुढे आहे. गावात कितीतरी गाड्या सेकंडहँड घेतलेल्या आणि नावावर न केलेल्या असतात, आरसी एमएच ३१ (नागपूर) मधल्या कोणा अनोळखी माणसाच्या नावावर आणि गाडी फिरते यवतमाळच्या खेड्यात. नाहीतर आरसी वारलेल्या बापाच्या नावावर. कंपनी अशा वेळी पिन द्यायला टाळते, मालकाचं सहीचं पत्र आणि ओळखपत्राची कॉपी मागते. जुना मालक सापडत असेल तर पत्र घ्या, आणि सापडतोच आहे तर त्याच हातानं आरटीओचे ट्रान्सफरचे फॉर्म पण सही करून घ्या. बापाच्या नावावरची गाडी असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद सोबत ठेवा.

पोलिसात नोंद आणि इन्शुरन्स

चाबीसाठी काय पोलिसात जायचं म्हणून लोकं हसतात. पण गाडी पुढे कधी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले दोन्ही ओरिजिनल चाब्या मागतात, आणि एकच दिली की गाडीतच चाबी ठेवली होती का, असे प्रश्न सुरू होतात. त्या वेळी हरवल्याच्या तारखेची नोंद हातात असली की बोलायला जागा राहते. हरवल्याची साधी नोंद ठाण्यात करा, ऑनलाइन पण होते, पोचपावती जपून ठेवा.

पॉलिसीत चाबीचा खर्च मिळतो का, तर नुसत्या थर्ड पार्टीवर नाही, आणि साध्या फुल पॉलिसीतही सहसा नाही. की रिप्लेसमेंट नावाचं ॲड-ऑन, म्हणजे वरचे पैसे भरून घ्यायचं जास्तीचं संरक्षण, घेतलेलं असेल तरच. आपल्याकडे एजंट जे देतो ते आपण सही करून घेतो, त्यामुळे एकदा पॉलिसीचा पीडीएफ उघडून ॲड-ऑनची यादी वाचा, कधी कधी पॅकेजमध्ये ते असते आणि माणसाला पत्ताच नसतो. असेल तर काम करायच्या आधी कंपनीला फोन करा, आधी चाबी करून मग क्लेम टाकला की अडतो. किती रकमेपर्यंत मिळते, वर्षात किती वेळा, आणि एनसीबीला, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीला, धक्का लागतो का, हे तीन विचारून घ्या. एनसीबी क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, दोन हजाराच्या चाबीसाठी ते पणाला लावण्यात काही राम नाही.

गाडी न्यायची की माणूस आणायचा

दोरी बांधून टोचन करू म्हणणारे चार जण लगेच जमतात. चाबी नसली की स्टेअरिंग लॉक असते, चाकं वळत नाहीत, पहिल्याच वळणावर गाडी नालीत. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्किंगला अडकलेला, म्हणजे ओढलीच तर आतलं सामान तुटते. अशी गाडी हलवायची तर सपाट पाठीच्या क्रेनवर चढवूनच, आणि त्याचे पन्नास-साठ किलोमीटरला तीन-चार हजार सहज जातात. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स असेल तर आधी त्यांना फोन करा, ठराविक किलोमीटरपर्यंत फुकट नेतात.

म्हणून दोन्ही चाब्या गेल्या असतील तर माणूस गावात आणणं बहुतेक वेळा स्वस्त पडते. तो पेट्रोलचे आणि वेळेचे पाचशे ते दीड हजार जास्त घेईल, तरी क्रेनपेक्षा कमी. पण त्याला बोलवायच्या आधी गाडीची बॅटरी पहा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर बॅटरी उतरलेली असू शकते, आणि कोडिंग चालू असताना करंट कमी पडला की काम अर्धवट राहते, वाईट वेळ असली तर गाडीचा मेंदूच बिघडतो. ट्रॅक्टरची चांगली बारा व्होल्टची बॅटरी आणि जाड केबल तयार ठेवा. गाडी सावलीत आणि मोबाईलची रेंज येते अशा जागी असली तर बरं, काही मशीनला नेट लागते, रेंज नसल्यामुळे माणूस येऊन तसाच परत जातो आणि फेरीचे पैसे घेऊन जातो. गाडी हलवता येत नसेल तर हे त्याला फोनवरच सांगा.

काम चालू असताना आणि झाल्यावर

घरी असतील नसतील तेवढ्या सगळ्या चाब्या सोबत ठेवा. काही गाड्यांमध्ये नवीन चाबी शिकवताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात आणि परत एकेक शिकवाव्या लागतात, घरी राहिलेली चाबी नंतर नुसती दार उघडायच्या कामाची उरते. मशीनच्या स्क्रीनवर किती चाब्या नोंदल्या आहेत तो आकडा दिसतो बहुतेक गाड्यांत, तो दाखवायला सांगा. तुमच्या हातात दोन असतील आणि स्क्रीनवर तीन दिसत असतील तर तिसरी कोणाची ते विचारा.

पैसे देण्याच्या आधी नवीन चाबीनं ड्रायव्हरचं दार, डिक्की, असेल तर पेट्रोलचं झाकण, आणि इग्निशन सगळं फिरवून पहा. नवीन पातं अडकत अडकत फिरत असेल तर तसंच घेऊ नका, लॉक झिजवते आणि एक दिवस आतच तुटते. गाडी चालू करून दोन-चार मिनिटं ठेवा, बंद करा, जरा थांबून परत चालू करा. रिमोट वीस-पंचवीस पावलांवरून दाबून पहा. आणि लॉक तपासताना एक काच खाली ठेवा, नवीन चाबी आत ठेवून दार लॉक करणारे पण लोक आहेत.

दुसरी चाबी आजच करा, आणि ती कुठे ठेवायची

एकच चाबी असेल तर कापूस विकला की पहिले हे काम करा, एक चाबी असताना दुसरी करायचा खर्च आणि एकही नसताना करायचा खर्च यात काही हजारांचं अंतर आहे. सेकंडहँड गाडी घेताना दुसरी चाबी मागा, नाही म्हणाला तर चाबीचे दोन-तीन हजार भावातून कापा. दुसरी चाबी गाडीत कुठेच लपवू नका, घरी ठेवा, आणि वावर लांब असेल तर गावातच कोणा भावकीवाल्याकडे. स्मार्ट चाबी वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली की आतला सेल कधी कधी फुगून गळतो आणि सर्किट खातो, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत एकदा काढून पहा.

नवीन गाडीसोबत एक छोटा पत्र्याचा नाहीतर प्लास्टिकचा बिल्ला येतो, त्यावर चाबीचा नंबर असतो. लोकं तो रिंगलाच अडकवून ठेवतात, मग चाबीसोबत तोही जातो. तो काढून आरसीच्या फाईलमध्ये ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढा. मात्र नवीन गाडीच्या पूजेचा फोटो स्टेटसला टाकताना चाबीचं पातं आणि तो बिल्ला झाका, नंबरवरून पातं कापता येते आणि स्पष्ट फोटोवरूनही हुशार कारागीर कापतो.